पूर्णाकांठचा खारपाणपट्टा : तेथील शेतकरी गांव व गांवदप्तरें

वऱ्हाडच्या इतिहासाचीं जीं साधनें आजवर प्रसिद्ध झालीं तीं बहुतेक किल्ल्यांचीं, ठाण्यांचीं व सरदार घराण्यांचीं आहेत. गाविलगड, नर्नाळा, एलिचपूर, बाळापूर हीं नांवें वाचकांस परिचित आहेत. कै. यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ सालीं निघाला, त्यानें या मुलखाचा राजकीय सांगाडा बराचसा उभा करून दिला. परंतु ज्या काळ्या मातीच्या वसुलावर हीं ठाणीं पोसलीं, त्या मातींतलें एखादें साधें कुणबाऊ खेडें कसें वसलें, काय पिकवूं लागलें, कोणतें पाणी प्यालें आणि त्यानें मागें कोणते कागद ठेविले, याची नोंद क्वचितच कोणी केली आहे. प्रस्तुत लेखाकरितां आम्ही अकोला व अमरावती या दोन जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्टा घेतला आहे. हा पट्टा उरलेल्या वऱ्हाडाहून कांहीं बाबतींत अगदीं निराळा आहे. आणि तेथील मातीचीं घरें व त्या घरांतील दप्तरें आमच्या डोळ्यांदेखत जात आहेत.

प्रथम भूमीचा विचार करूं. वऱ्हाडचे जुने विभाग तीन : उत्तरेस सातपुड्याचा मेळघाट, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरील बालाघाट, आणि या दोहोंमधला सखल प्रदेश तो पायनघाट. सातपुड्यांत उगम पावून पूर्णा ही पश्चिमेकडे वळते आणि पायनघाट उभा चिरीत तापीस जाऊन मिळते. हा प्रदेश इतका सपाट आहे कीं, पावसाळ्याअखेर अकोटच्या रस्त्यानें जाणारास दोहों बाजूंस पिकाखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. मधून एखादी बाभूळ, एखादा निंब, आणि दूर क्षितिजावर एक उंचवटा दिसला कीं समजावें, तें गांव. उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याशीं पाणी गोडें आहे, विहिरी जिवंत आहेत आणि अंजनगांव, अकोट या बाजूस बारी लोकांचे पानमळे पूर्वापार चालत आले आहेत. तेथून नदीकडे कांहीं कोस उतरावें, तों विहिरीचें पाणी मचूळ होतें आणि पुढें तोंडांत धरवत नाहीं. हा खारा पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून त्यांत सुमारें ९०० गांवें मोडतात. 'खारपाण' हा शब्द सरकारी नव्हे. तो तेथील रहिवाशांचा आहे, आणि सरकारानें तो मागाहून उचलला.

हा खारेपणा कोठून आला याविषयीं गांवोगांवीं निरनिराळ्या कथा सांगतात. समुद्र येथवर होता, ही त्यांतली सर्वत्र ऐकूं येणारी. भूगर्भशास्त्रज्ञांचें म्हणणें याहून साधें आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं जमीन खचून जो खोलगट भाग झाला त्यांत पूर्णेनें व तिच्या उपनद्यांनीं शेकडों फूट जाडीचा गाळ आणून टाकिला. त्या गाळांतील पाण्यास वाहून जाण्यास नीट वाट मिळाली नाहीं व कोरड्या हवामानांत क्षार मागें सांचत गेले. म्हणून येथें असा चमत्कार आहे कीं, वरची माती वऱ्हाडांत उत्तम, आणि खालचें पाणी वऱ्हाडांत अधम. या गांवांच्या सर्व व्यवहाराची किल्ली या एका वाक्यांत आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं.

जुन्या मराठी कागदांत गांवाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. देशावर हे शब्द पुष्कळदां केवळ परिभाषेपुरते उरले आहेत. पूर्णाकांठीं ते डोळ्यांस दिसतात. शेंकडों वर्षें एकाच जागीं मातीचीं घरें पडत व त्यांवर पुन्हां बांधलीं जात असल्यामुळें गांवाची जागा उंच झाली आहे, आणि राख, शेण व भिंतींची माती मिसळून तिचा रंग खरोखरच पांढुरका झाला आहे. या उंचवट्याच्या माथ्यावर पाटलाची अथवा देशमुखाची गढी. गढीच्या बुरुजांचा पाया कोठें कोठें दगडी असतो, वर सर्व माती. त्या मातीच्या पोटांत ज्वारीचीं पेवें असत. पेव उघडण्याचा दिवस हा गांवांत जपून ठरवीत, कारण बंद पेवांतल्या हवेनें माणूस गुदमरून मरतो हें सर्वांस ठाऊक होतें. गढीखालीं कुणब्यांचीं धाब्याचीं घरें; धाब्यावर खारी माती पसरून चोपिली म्हणजे तींतून पाणी झिरपत नाहीं. ज्या खारानें पिण्याचें पाणी नासलें त्याच खारानें डोक्यावरचें छप्पर राखलें, ही गोष्ट आम्हांस लक्षांत ठेवण्यासारखी वाटते.

गढीचा पांढरा मातीढीग हा पुराणवस्तूंच्या शोधकांनीं विशेष पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यांत तो ढासळतो तेव्हां खापरें, मणी व क्वचित् नाणीं उघडीं पडतात. दुर्दैवानें ही पांढरी माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतांत नेण्याची चाल आहे. अकोला जिल्ह्यांतच बार्शीटाकळीच्या देवालयांत शके १०९८ चा शिलालेख आहे, त्यावरून या बाजूची वस्ती यादवपूर्व नसली तरी यादवांच्या भरभराटीपूर्वीची आहे इतकें निश्चित होतें. परंतु नदीकांठच्या खेड्यांत दगडच नाहीं, तेव्हां शिलालेख कशावर कोरावे? या गांवांचा लेख मातींतच आहे, आणि ती माती खतांत जात आहे.

आतां शेतीकडे वळूं. ही माती काळी, चिकट व अतिशय खोल आहे. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, त्या इतक्या कीं काठी उभी घातली असतां हातांतून जावी. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून खालीं उतरतो. पुढें माती फुगून भेगा मिटतात आणि मग वरून पडेल तें पाणी वरच उभें राहतें. पावसाळ्यांत वावरांत पाय घालणें कठीण. गाडी तर चालतच नाहीं. अशा जमिनींत विहीर खोदून भिजवण करावी तर खारें पाणी मातीस बिघडवितें. सबब येथील शेतकरी पिढ्यान् पिढ्या केवळ आभाळाच्या ओलाव्यावर शेती करीत आला आणि तो ओलावा मातींत कसा डांबून ठेवावा, याचें शास्त्र त्यानें स्वतःपुरतें पुरें केलें.

त्या शास्त्राचें मुख्य हत्यार नांगर नव्हे, वखर आहे. आडव्या लोखंडी पासेचा वखर बैलजोडीनें वरचेवर फिरवावा, तण कापावें, वरचा थर भुसभुशीत ठेवावा, म्हणजे खालची ओल उन्हानें उडत नाहीं. नांगर लागतो तो हरळी किंवा कुंदा माजला तर, तोही कित्येक वर्षांनीं एकदां, आणि तेव्हां चार-चार जोड्या जुंपाव्या लागतात. पेरणी तिफणीनें. तिफणीच्या चाड्यांत मूठ सोडण्याचें काम पुष्कळदां घरची बाई करते, आणि मुठीचा हात सारखा असणें ही मोठी कसोटी समजतात. कपाशीची सरकी शेणमातींत घोळून तिफणीमागें बांधलेल्या सरत्यांतून सोडितात. पीक वर आलें कीं ओळींमधून डवरा; बैलांच्या तोंडास मुसकें. हे सर्व शब्द वऱ्हाडी दप्तरांत येतात, आणि ते ठाऊक नसल्यामुळें नकलकारांनीं त्यांचीं भलतींच वाचनें केलेलीं आढळतात. कागदांत 'तास' आला तर तो वेळेचा नसून पिकाच्या ओळीचा असूं शकतो, 'धुरा' म्हणजे गाडीचा अवयव नसून दोन वावरांमधली हद्द असूं शकते. आणि धुऱ्याच्या तंट्यांनीं तर रुमालचे रुमाल भरलेले असतात.

येथें एक विसंगती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मराठी महजरांत पाटील सही करीत नाहीं, तो निशाणी करितो, आणि ती निशाणी नांगराची. वऱ्हाडी पाटीलही नांगरच काढितो. ज्या जमिनींत नांगर कित्येक वर्षांनीं एकदां उतरतो त्या जमिनीच्या धन्याची खूण मात्र नांगर! रूढि ही शेतापेक्षां कागदावर अधिक काळ टिकते, असें यावरून दिसतें.

पिकांत ज्वारी व कापूस हीं जोडीचीं. पऱ्हाटीमागें ज्वारी आणि ज्वारीमागें पऱ्हाटी, मध्यें तुरीचीं तासें. परंतु खारपाणपट्ट्याचा खरा विशेष पावसाळ्यानंतर आहे. मृगांत मूग पेरावा, भाद्रपदांत तो काढावा आणि त्याच वावरांत हस्ताच्या ओलीवर हरभरा धरावा. अथवा जमीन पावसाळाभर वखरून मोकळी ठेवावी आणि आश्विनांत गहूं, जवस किंवा हरभरा पेरावा. पाण्याच्या थेंबावांचून केवळ मातींतल्या ओलीवर येणारा बन्सी गहूं हा या बाजूचा अभिमान होता. या गव्हाचें पीठ चिवट व दाणा कठीण. पुढें कापसाच्या भावानें त्याची पुष्कळ जागा घेतली, ती कथा खालीं येईल.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट होता. नदीच्या वाळूंत झिरे खणून, पावसाचें पाणी तळ्यांत सांठवून, आणि जेथें दैवयोगानें एखादी मचूळ पण पिण्याजोगी विहीर लागली तेथें तिच्यावर रांगा लावून या गांवांनीं दिवस काढिले. गोड्या विहिरीवरील हक्क हा अशा गांवांत शेताच्या हक्काइतका मोलाचा. कोणी कोठें पाणी भरावें, हें जातिवार ठरलेलें असे, आणि जेथें पाणीच थोडें तेथें या निर्बंधाची झळ अस्पृश्यांस इतर ठिकाणांहून अधिक बसली, हें उघड आहे. बलुत्यांत महाराचा मान पुढचा, शिवेच्या वादांत साक्ष त्याची, हद्दीवरून चालावयाचें त्यानें. आणि पाण्यास मात्र त्यानें खालीं जावें, असा हा न्याय होता. दप्तरांत पहिली गोष्ट वारंवार येते. दुसरी सहसा येत नाहीं, कारण लिहिणारे पाण्याच्या वरच्या बाजूचे होते.

खारें पाणी सर्वस्वीं निरुपयोगी होतें असेंही नाहीं. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खोल विहिरी खणून त्यांचें खारट पाणी उथळ वाफ्यांत सुकवावें व मीठ काढावें, हा धंदा येथें पूर्वापार चालत असे. समुद्रापासून शेंकडों मैल आंत असलेल्या मुलखांत हें मीठ गांवोगांव विकलें जाई. वऱ्हाडांतील कुणब्यांत लोणारी म्हणून जो भेद आहे त्याच्या नांवाचें मूळ 'लवण' शब्दांत आहे. इंग्रजी अंमल आल्यावर मिठाची जकात हा सरकारचा मोठा आधार झाला व हे धंदे बंद पाडण्यांत आले. विहिरी मात्र बुजल्या नाहींत. दहीहंडा हें अकोल्याच्या उत्तरेकडील जुनें परगण्याचें गांव अशा खाऱ्या विहिरींबद्दल प्रसिद्ध होतें. १९३० च्या एप्रिलांत महात्मा गांधींनीं दांडीस मीठ उचलिल्यावर वऱ्हाडास प्रश्न पडला कीं समुद्र नाहीं, मग कायदा मोडावा कशाचा? तेव्हां वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी प्रभृति पुढाऱ्यांनीं दहीहंडा निवडलें, आणि तेथील विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडचा सत्याग्रह सुरू झाला. या प्रसंगाविषयीं लिहितांना पुढाऱ्यांचीं भाषणें सर्वजण देतात. ती विहीर तेथें कां होती व तिचें मीठ पूर्वीं कोण काढीत असे, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

आतां अंमल व कागद. पायनघाटावर जितके धनी झाले तितक्यांचे थर या दप्तरांत सांपडतात. अकबरानें १५९६ त वऱ्हाड घेतलें आणि अबुल्फज़लानें 'आईन'मध्यें या सुभ्याचें वर्णन करितांना मोठ्या आस्थेनें नोंदिलें कीं, इतरत्र ज्यांस चौधरी, कानुगो, मुकद्दम व पटवारी म्हणतात त्यांस येथील लोक अनुक्रमें देशमुख, देशपांड्या, पाटील व कुळकर्णी म्हणतात. म्हणजे मोगल आले तेव्हां ही व्यवस्था जुनीच होती. गमतीची गोष्ट अशी कीं, यांपैकीं 'पटवारी' हा मोगली शब्द पुढें वऱ्हाडांत इतका रुजला कीं, आज वऱ्हाडी मनुष्यास 'कुळकर्णी' हेंच परदेशी वाटतें. 'पांड्या' मात्र बोलण्यांत राहिला.

पुढें नागपूरकर भोसले व निज़ाम यांची दुअमली. एकाच खेड्याचा वसूल दोघे नेत, बहुधा साठ व चाळीस या प्रमाणांत. शिवाय भोसल्यांचा घासदाणा निराळा. त्यामुळें त्या काळच्या ताळेबंदांत एकाच वर्षाचे दोन हिशेब असतात, आणि संग्राहकाकडे त्यांतला एकच आला तर गांवाचा आकार त्यास अर्ध्यावर आलेला दिसतो. अशा अपुऱ्या कागदावरून 'गांव उजाड झालें' असें अनुमान काढण्याचा मोह आवरला पाहिजे. उजाड होण्याचे प्रसंगही आले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोटच्या पश्चिमेस अडगांव व शिरसोली यांच्या दरम्यान वेलस्लीनें भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तो याच सपाटीवर, उंच उभ्या पिकांत. पंधरा दिवसांनीं गाविलगड पडला, १७ डिसेंबरास देवगांवचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें. लढाईची हकीकत सर्वांनीं लिहिली. त्या हंगामीं ती ज्वारी कोणाची तुडवली गेली आणि त्या वर्षींची सूट कोणास मिळाली, हें कळण्याची आशा असेल तर ती शिरसोलीसारख्या गांवांच्या पाटलाच्या घरींच.

यानंतरचीं पन्नास वर्षें मक्त्याचीं. निज़ाम सरकारनें वऱ्हाडचा वसूल पुरणमल सावकार, पेस्तनजी पारशी अशा मक्तेदारांस दिला. त्यांनीं तो पोटमक्त्यानें खालीं दिला. आणि शेवटीं भार कुणब्यावर आला. वस्ती टिकावी म्हणून पडीत जमिनीस इस्ताव्याचे कौल देत : पहिल्या वर्षीं थोडें, मग चढत चढत पुरा धारा. हे कौलनामे अद्याप पुष्कळ घरीं आहेत व त्यांवर शिक्कामोर्तब नसल्यामुळें त्यांस कोणी विचारीत नाहीं. वास्तविक एखादें वावर केव्हां पडीत होतें व केव्हां पुन्हां लागलें, हें सांगणारा दुसरा पुरावा नाहीं.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे कारभारास आलें. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीनें मोजणी सुरू झाली. वावरांस नंबर पडले, धुऱ्यांस दगड लागले, आकार तीस वर्षांकरितां ठरला. देशमुख-देशपांड्यांचा अंमल सुटून त्यांस रोख रुसूम उरलें. पाटील-पटवारी राहिले, आणि मुलकी पाटलांचें पदही पुढें १९६२ च्या कायद्यानें गेलें. मोजणीच्या वेळचें टिप्पण व क्षेत्रफळाचें पुस्तक हे दोन कागद सरकारी म्हणून जतन झाले. परंतु मोजणीपूर्वींचीं वावरांचीं नांवें, जीं झाडावरून, देवावरून, मेलेल्या मालकावरून पडलेलीं होतीं, तीं केवळ जुन्या गांवदप्तरांत आहेत. नंबर आल्यावर तीं नांवें बोलण्यांतून जाऊं लागलीं, आणि जमिनींचे तुकडे पडतां पडतां उरलींसुरलींही गेलीं.

कापसाची कथा येथें येते. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें विलायतेच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला; त्याच सुमारास लोहमार्ग वऱ्हाडांतून पुढें सरकत होता व १८६७ त तो नागपुरास पोंचला. पायनघाटाच्या काळ्या मातीस एकाएकीं जगाचा बाजार लागला. कारंज्यास १८८६ त नियंत्रित बाजार झाला आणि १८९७ त वऱ्हाडास कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा मिळाला. हिंदुस्थानांत अशा प्रकारचा तो पहिलाच. कापसाची जातही बदलली. लांब धाग्याची बणी मागें पडली, आणि आंखूड धाग्याचा पण सरकीस कमी व रुईस अधिक असा कापूस लोकांनीं उचलला. विलायतेचे व्यापारी याबद्दल वऱ्हाडी शेतकऱ्यास दूषण देतात. आमच्या मतें त्यानें हिशेब बरोबर केला. ज्याच्या धाग्याची लांबी कोणी मोजून पैसा देत नव्हतें, त्यानें वजनच पाहिलें.

परंतु रोख पैशाबरोबर रोख कर्ज आलें. जमीन विकतां येऊं लागली तशी ती गहाणही पडूं लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळानें, ज्यास लोक छप्पनचा दुष्काळ म्हणतात, पुष्कळांच्या सातबाऱ्याची वाट लागली. या गोष्टीचें एक सर्वश्रुत उदाहरण याच पट्ट्यांतलें आहे. मूर्तिजापूर तालुक्यांतील पूर्णाकांठचें दापुरें हें गाडगे महाराजांचें आजोळ. त्यांचा जन्म १८७६ सालीं शेंडगांवास झाला. बाप लवकर वारल्यावर देबूजी मामांकडे वाढले व तेथेंच त्यांनीं वखर हातीं धरिला. मामांची शेती सावकाराकडे गेली आणि त्या धक्क्यांतून ते उठले नाहींत. देबूजींनीं पुढें सावकाराचा ताबा मान्य न करितां वावरांत उभें राहून त्यास अडविलें, ही हकीकत त्यांच्या सर्व चरित्रांत आहे. १९०५ त त्यांनीं घर सोडलें. त्यानंतर त्यांनीं जें पहिलें मोठें बांधकाम हातीं घेतलें तें पूर्णेवरच्या ऋणमोचन येथील घाटाचें. पौषांतील रविवारीं तेथें यात्रा भरते व पाण्यांत बुडी मारली असतां ऋण फिटतें असा समज आहे. सावकाराच्या वहींत मात्र त्या बुडीची नोंद होत नसे. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें कर्ज-तडजोडीचा कायदा केला तो १९३३ सालीं. त्यामागील खटपटींत पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख हे प्रमुख होते. त्या कायद्यान्वयें नेमलेल्या मंडळांपुढें कुळांनीं जे अर्ज केले त्यांत एकेका घराची दोन-दोन पिढ्यांची कर्जाची हकीकत येते. इतिहाससाधन म्हणून त्यांस आम्ही एखाद्या सनदेपेक्षां कमी लेखणार नाहीं.

संग्राहकांच्या सोयीकरितां दोन शब्द कालगणनेविषयीं. या दप्तरांत शक, फसली व सुहूर असे तीनही सन येतात, आणि पुष्कळदां नुसता 'सन' लिहून आंकडा दिलेला असतो. सुहूर सनांत ५९९ अथवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. दक्षिणी फसलींत ५९० अथवा ५९१ मिळवावे लागतात. दोहोंमध्यें नऊ वर्षांचें अंतर आहे, आणि कागदांत मृगसाल धरलें आहे कीं नाहीं हें तपासावें. हिशेब रुपयांत असला तरी रुपया कोणता, गोविंदबक्षी, हाली कीं कंपनी सरकारचा, हें न पाहतां दोन वर्षांच्या बेरजा शेजारीं मांडणें व्यर्थ आहे. लिपि बहुतेक मोडी. वळण घोटीव नाहीं, कारण लिहिणारा खेड्यांतला पांड्या, पुण्याचा कारकून नव्हे.

आज या मुलखाची स्थिति पालटली आहे. वान नदीच्या धरणांतून चौऱ्यायशीं खेड्यांची नळयोजना झाली. जेथें ती पोंचत नाहीं तेथें टँकर येतो. कित्येक पिढ्या खारें पाणी प्यालेल्या या गांवांत मूत्रपिंडाचे विकार फार, ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. शेततळीं झालीं, हरभऱ्यास एखादें संरक्षित पाणी मिळूं लागलें. ज्याच्याजवळ चार पैसे आले त्यानें धाबें पाडून सिमेंटचें घर बांधलें, आणि यांत वाईट मानण्याजोगें कांहीं नाहीं. खाऱ्या मातीच्या भिंती ओल्या राहतात व साप-विंचवांचें घर होतात. मात्र धाबें पडतें तेव्हां माळ्यावरचे रुमालही खालीं येतात. घरच्या मंडळींस मोडी येत नाहीं. कोर्टांत या कागदाचा उपयोग नाहीं असें वकिलानें सांगितलेलें असतें. मग ते रद्दींत जातात, अथवा नदींत सोडितात, कारण पूर्वजांचें अक्षर जाळणें बरें वाटत नाहीं.

त्यांतून जे वांचतात ते आमच्यासारख्यांच्या हातीं येतात, आणि येथें आम्हां संग्राहकांचाच दोष सांगितला पाहिजे. रुमाल सोडतांच आपण शिक्क्याचा कागद शोधितों. फारशी सनद, मोर्तबाचें आज्ञापत्र, एखाद्या सरदाराचें पत्र काढून घेऊन बाकीचा गठ्ठा परत करितों किंवा तसाच ठेवून देतों. गांवदप्तराचा जीव त्या बाकीच्या गठ्ठ्यांत असतो. लावणीचा खर्डा, बलुत्याची वांटणी, पोळ्याच्या मानाचा करीना, कोणा कुळास दिलेली पंधरा रुपयांची सूट, हे कागद एकेकटे निर्जीव आहेत व एकत्र असले तर एका खेड्याचें शंभर वर्षांचें बोलणें आहे. यवतमाळच्या शारदाश्रमानें कै. यशवंत खुशाल देशपांडे यांच्या हातून महानुभावांच्या पोथ्या जशा घरोघर हिंडून मिळविल्या, तशी खटपट या दप्तरांकरितां कोणी केली नाहीं. पोथीस भाविक मिळतो, ताळेबंदास कोण मिळणार!

ज्यांस या कामीं पडावयाचें असेल त्यांनीं रुमाल ज्या क्रमानें बांधलेला सांपडेल त्या क्रमानेंच त्याची यादी करावी. गांव, घर व सांपडल्याची जागा लिहावी. आणि घरांतील वृद्ध मनुष्य हयात असेल तर त्यास वावरांचीं नांवें, गोड्या पाण्याच्या जागा व बुजलेल्या मिठाच्या विहिरी विचारून त्या गांवनकाशावर टिपून घ्याव्या. ज्वारीच्या सुगीनंतर, फाल्गुन-चैत्रांत जावें. त्यापूर्वीं गांवांत कोणास सवड नसते, आणि मृग लागल्यावर रस्ता नसतो.